लेप आणि लवण

अबू धाबीला लागून उम्म अन-नार नावाचे एक लहानसे बेट आहे. १९५९ साली डेन्मार्कच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन आरंभिले आणि पुढे कांस्ययुगातील एका संपूर्ण संस्कृतीलाच त्या बेटाचे नाव मिळाले. तेथील वर्तुळाकार समाध्या, रंगीत मृद्भांडी व तांब्याचे जिन्नस यांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या सर्वांहून मोलाची वस्तू म्हणजे तेथे मिळालेले भूगर्भजन्य डांबराचे काळे तुकडे होत. या तुकड्यांच्या एका अंगावर बोरूच्या मोळ्यांचे आणि त्या आवळणाऱ्या दोरांचे ठसे उमटलेले आहेत, तर काहींच्या दुसऱ्या अंगाला, बुडालेल्या लाकडाला चिकटून वाढणारे बारीक कवचधारी जीव आजही चिकटलेले दिसतात. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरील नाविक आपल्या बोरूच्या नौकांना बाहेरून डांबराचा लेप देत होते, यात संशयाला जागा उरत नाही. याच तुकड्यांच्या आधारे १८ मीटर लांबीची तशी नौका अबू धाबीत नव्याने बांधण्यात आली आणि २०२४ साली ती समुद्रात चालवूनही दाखवण्यात आली.

ज्या देशाची ख्याती आज तेलविहिरींचे पोलादी मंच, गगनचुंबी इमारती आणि अवाढव्य बंदरे यांमुळे झाली आहे, त्या संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्यावर समुद्रापासून वस्तू राखण्याची विद्या पोलादाच्या आधी कित्येक सहस्रके नांदत होती, हे ध्यानात घेतल्यावाचून तेथील आधुनिक रंगलेपांचा इतिहास नीट उलगडत नाही. पोलाद आले तेव्हा त्याच्यासोबत परक्या हवेत तयार झालेले रंग आले आणि परक्या हवेतील सवयीही आल्या. आणि लेपाचे सामर्थ्य लेपाच्या डब्यात नसून लेपापूर्वीच्या मशागतीत असते, हे जे ज्ञान या किनाऱ्यावरील नाखव्यांच्या अंगवळणी पडलेले होते, ते नव्या कारखानदारीला पुष्कळ किंमत मोजून पुन्हा संपादन करावे लागले.

अरबी समुद्रातील जुनी जहाजे खिळ्यांनी जोडलेली नसत. काथ्याच्या दोरीने फळीला फळी शिवून ती बांधीत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबड्या समुद्राच्या काठी आलेल्या इब्न जुबैर या अंदलुसी प्रवाशाने अशा शिवलेल्या नौका पाहिल्या आणि त्यांना तूप, एरंडेल किंवा शार्क माशाचे तेल चोपडतात व त्यांत माशाचे तेल सर्वोत्तम गणले जाते, असे नोंदवून ठेवले. पुढील शतकात होर्मुझच्या बंदरात मार्को पोलोने तोच प्रकार पाहिला आणि ती जहाजे त्याला अत्यंत धोकादायक वाटली. युरोपीय दृष्टीला हा दारिद्र्याचा प्रकार वाटणे स्वाभाविक होते. तथापि ज्या नौकेत लोखंडच नाही, तिला गंजाचे भय नाही, हा तिचा गुण त्या दृष्टीतून निसटला. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर या पाण्यात लोखंडी खिळ्यांचा प्रसार वाढला, आणि तेव्हापासून खाऱ्या पाण्याचे व लोखंडाचे वैर या किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने सुरू झाले.

दुबई, शारजा, रास अल-खैमा येथील मोती काढणाऱ्या व माल वाहणाऱ्या गलबतांसाठी लागणारा साग मलबारातून येई, कारण त्या वाळवंटी मुलखात जहाजाच्या फळीला उपयोगी असे लाकूड जवळजवळ होतच नाही. गलबत बांधून झाल्यावर फळ्यांच्या सांधीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवीत. पाण्यावर राहणाऱ्या भागाला शार्कच्या यकृताचे उग्र वासाचे तेल चोळीत, आणि पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना व वितळलेली चरबी यांचे मिश्रण हाताने लिंपीत. हा पांढरा लेप कायमचा असावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. तो झिजण्यासाठीच दिलेला असे. लाकूड पोखरणारे समुद्रकृमी आणि तळाला चिकटणारे जीव त्या लेपावर बसत, आणि लेपासह खरवडले जात. ठरावीक मुदतीनंतर मोठ्या भरतीला गलबत किनाऱ्यावर ओढून घ्यावयाचे, ओहोटीला ते एका कुशीवर कलंडवून तळ उघडा करावयाचा, खरवडून व घासून स्वच्छ करावयाचा, तो सुकू द्यावयाचा आणि मगच नवा लेप द्यावयाचा, असा हा क्रम असे. या क्रमात लेप देणे हे सर्वांत शेवटचे आणि सर्वांत थोड्या वेळाचे काम आहे. बहुतेक श्रम, आणि भरती-ओहोटी व ऊन पाहून केलेली बहुतेक प्रतीक्षा, त्याच्या आधीची आहे. आपल्या कोकणपट्टीतही पावसाळ्यापूर्वी होड्या व मचवे वर ओढून ठेवण्याचा आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास तेलपाणी करून पुन्हा समुद्रात लोटण्याचा जो प्रघात आहे, त्याच्या मुळाशी हीच समज आहे. आणि आंग्र्यांच्या आरमाराने विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गोदी खोदून घेतली, तिचे एक मुख्य प्रयोजन जहाजांचे तळ कोरडे करून पाहता यावेत, हेच होते.

या दोन किनाऱ्यांचा संबंध केवळ साम्याचा नव्हता. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या सर विल्यम ग्रँट कीरच्या मोहिमेने रास अल-खैमा घेतले आणि जानेवारी १८२० मध्ये तेथील शेखांशी तहनामा झाला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे ब्रिटिशांच्या आखाती रेसिडेन्सीचे दप्तर मुंबई सरकारच्या अखत्यारीत राहिले. १८७३ साली ते हिंदुस्थान सरकारकडे गेले. आखाताविषयीच्या त्या दप्तरांतील निवडक कागदपत्रांचा जो जाडजूड खंड मुंबई सरकारने १८५६ साली छापून प्रसिद्ध केला, तो आजही त्या किनाऱ्याच्या इतिहासाचे एक मूलस्थान मानला जातो. चलनाच्या बाबतीत तर हा संबंध १९६६ पर्यंत टिकला, कारण तोवर दुबईच्या बाजारात आपला रुपयाच चालत असे.

ज्या मुंबईच्या गोदीतून आखाताकडे जहाजे जात, तेथे वाडिया घराण्याचे कारागीर १७३६ पासून सागाची जहाजे बांधीत होते. इंग्लंडमधील ओक लाकडातील आम्ल खिळ्यांना खाते, उलट सागातील तेल लोखंडाला राखते, असा त्या काळच्या जहाजबांधणाऱ्यांचा अनुभव होता, आणि मुंबईच्या जहाजांच्या दीर्घायुष्याचे तेच एक कारण ते सांगत. १८१७ साली येथे पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगती आहे. मात्र लाकडी तळाला तांब्याचे पत्रे मारण्याची रीत ब्रिटिश आरमाराने अंगीकारली तेव्हा एक नवेच संकट उभे राहिले. १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाला प्रथम असे पत्रे मारले. दोन वर्षांनी तपासले तेव्हा तांबे सुस्थितीत होते, पण त्याला टेकलेले लोखंडी खिळे गळून गेले होते. विशेष हे की, ज्या खिळ्यांपाशी पत्र्याच्या गुंडाळीचा तपकिरी कागद चुकून तसाच राहून गेला होता, तेथील लोखंड शाबूत होते. दोन धातूंच्या मध्ये, आणि धातू व पाणी यांच्या मध्ये, अखंड आडपडदा असावा हे तत्त्व त्या कागदाच्या चिटोऱ्याने सांगितले, असे मला वाटते. सर हंफ्री डेव्हीने १८२४ साली त्याच प्रश्नाचा दुसऱ्या बाजूने छडा लावला: तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला की तो तुकडा स्वतः झिजतो आणि तांबे वाचते. आज आखातातील प्रत्येक पोलादी मंचाच्या पायांना जे जस्ताचे वा अॅल्युमिनियमचे ठोकळे जोडलेले असतात, ते डेव्हीच्या त्या प्रयोगाचे थेट वंशज आहेत.

आगबोटींचा काळ आला आणि जहाजांचे अंग लोखंडाचे, मग पोलादाचे झाले. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने १८६२ पासून मुंबई व आखाती बंदरे यांच्या दरम्यान टपालाच्या आगबोटी चालविल्या, आणि तो क्रम ‘द्वारका’ ही शेवटची आगबोट १९८२ साली निवृत्त होईपर्यंत चालू राहिला. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातील, विशेषतः कोकणी मुसलमान घराण्यांतील खलाशांची मोठी भरती असे. सारंग व टंडेल यांच्या हुकमतीखाली काम करणाऱ्या या माणसांच्या दिवसाचा केवढा तरी भाग पोलादाची निगा राखण्यात जाई. हातोडीने गंजाची खपली ठोकून काढणे, तारेच्या ब्रशाने घासणे, पुसणे, मग शेंदराचा थर आणि त्यावर कंपनीचा रंग, अशी ती निगा एका टोकापासून सुरू होऊन दुसऱ्या टोकाला पोचेतो पहिले टोक पुन्हा गंजू लागलेले असे.

या शेंदराविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. आपल्याकडे गावोगावच्या मारुतीला तेलात कालवून जो शेंदूर चढवितात, तोच हा शिशाचा तांबडा प्राणिद. जवसाच्या उकळलेल्या तेलात खलून त्याचा रंग केला की तो लोखंडाचे रक्षण करतो, ही गोष्ट युरोपातील कारागिरांना अनुभवाने ठाऊक झाली होती. स्कॉटलंडमधील फोर्थचा पूल, पॅरिसचा आयफेल मनोरा आणि जगभरचे असंख्य पूल व जहाजे या शेंदरी रंगावर उभी राहिली. त्याचा मोठा गुण असा की तो क्षमाशील होता: तेलातील आम्लांशी शिशाचा संयोग होऊन जे साबणासारखे क्षार होत, ते पोलादाच्या पृष्ठाला निष्क्रिय करीत, त्यामुळे गंजाचा थोडाबहुत अंश खाली राहिला तरी तो चालवून घेई. तो वाळण्यास दिवसचे दिवस लागत आणि रंगाऱ्याच्या शरीरात शिसे भिनत जाई, हे त्याचे दोष. विशेषतः दुसरा दोष असा आहे की त्यापायी किती माणसांचे आयुष्य घटले असेल याचा विचार मनाला क्लेश देतो. तरीही शंभर-सव्वाशे वर्षे जग या रंगावर विसंबून राहिले, आणि या क्षमाशीलतेमुळेच पृष्ठाच्या शुद्धीकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडली.

त्रुशियल किनाऱ्यावर, म्हणजे १९७१ च्या २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिरात झालेल्या मुलखात, पोलाद मोठ्या प्रमाणावर आले ते तेलाच्या मागोमाग. जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने १९३० च्या सुमारास मोत्यांचा धंदा बुडाला होता; १९३९ साली अबू धाबीने तेलाच्या शोधाचा इजारा दिला; समुद्रातील क्षेत्राचा इजारा निराळा होऊन १९५४ साली अबू धाबी मरीन एरियाज ही कंपनी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी झाक कूस्तोच्या ‘कॅलिप्सो’ नौकेवरील पाणबुड्यांनी समुद्रतळाची पाहणी केली. १९५८ साली उम्म शैफ येथे समुद्राखाली तेल लागले आणि १९६२ च्या जुलैत दास बेटावरून तेलाचे पहिले जहाज निघाले. पक्षी व कासवे यांच्यावाचून फारसे कोणी नसलेल्या त्या बेटावर टाक्या, नळ, धक्के आणि यंत्रशाळा उभ्या राहिल्या. अबू धाबीच्या बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा मक्ता येथील पोलादी पूल १९६८ साली खुला झाला.

दुबईत १९६६ साली फतेह हे समुद्री क्षेत्र सापडले. ते किनाऱ्यापासून इतके दूर होते की तेल किनाऱ्याला आणण्यापेक्षा समुद्रातच साठवावे, असा निर्णय झाला. आणि जुमेराच्या वाळूत खड्डा खोदून शिकागो ब्रिज अँड आयर्न कंपनीने पोलादाची एक अपूर्व टाकी बांधली. ‘खझ्झान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टाकीला तळच नव्हता. सुमारे ८२ मीटर व्यासाच्या, ६२ मीटर उंचीच्या त्या घुमटाला समुद्रतळावर उभे करावयाचे, आत तेल सोडावयाचे, तेल हलके म्हणून वर राहील आणि त्याच्या दाबाने खालचे पाणी बाहेर जाईल, अशी ती युक्ती. तीत पाच लाख बॅरल तेल मावे. १९६९ साली पहिली टाकी समुद्रात नेऊन उभी केली आणि १९७२ पर्यंत आणखी दोन झाल्या. ज्या पुळणीवर त्या बांधल्या तिचे नाव लोकांनी शिकागो बीच ठेवले, आणि पुढे १९९९ साली तेथून जवळच एका कृत्रिम बेटावर, उघड्या पोलादी तुळयांचा सांगाडा बाहेरच्या अंगाला धारण करणारे बुर्ज अल-अरब हे हॉटेल उभे राहिले.

खझ्झानसारख्या वास्तूत पोलादावर होणाऱ्या आक्रमणाचे सर्व प्रकार एकत्र भेटतात. सदैव बुडालेल्या भागाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू मर्यादितच मिळतो आणि तेथे डेव्हीच्या मार्गाने विद्युत्-संरक्षण देता येते. वरच्या उघड्या भागाला वारा व ऊन लागते, पण तेथे निदान माणूस पोचू शकतो. सर्वांत घात होतो तो या दोहोंच्या मध्ये, जेथे लाट आदळून परत जाते, पृष्ठ क्षणात ओले क्षणात कोरडे होते, प्राणवायू मुबलक मिळतो, आणि पाण्याचा सलग संपर्क नसल्यामुळे विद्युत्-संरक्षणाचा प्रवाह पोचत नाही. या पट्ट्यासाठी लेपावाचून, किंवा जाड अशा निराळ्या धातूच्या आच्छादनावाचून, दुसरा आधार नाही. टाकीच्या आतल्या भिंतीची दशा आणखी विलक्षण, कारण तेल भरताना व काढताना एकच जागा कधी तेलात, कधी खाऱ्या पाण्यात असे.

परंतु आखातातील खरे संकट समुद्राच्या पाण्याइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या हवेत आहे. महासागराच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. आखाताच्या या दक्षिण किनाऱ्यावर ते प्रमाण ४० च्या वर जाते आणि उन्हाळ्यात पृष्ठजलाचे तापमान ३५ अंशांना टेकते. किनाऱ्यालगत मैलच्या मैल मिठागरासारखी सपाट, क्षारयुक्त भूमी पसरलेली असून वायव्येकडून वाहणारा ‘शमाल’ वारा तेथील धूळ व मीठ पोलादावर आणून टाकतो. कोकणात हे मीठ उडतच नाही असे नाही. पण रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने सारे लोखंड गोड्या पाण्याने धुऊन निघते. अमिरातीच्या किनाऱ्यावर वर्षाचा पाऊस बहुधा शंभर मिलिमीटरही होत नाही. तेथे पडलेले मीठ पडूनच राहते, थरावर थर चढतो. दिवसा ते कोरडे, निरुपद्रवी दिसते. रात्री पोलाद गार होते, समुद्रावरील दमट हवा त्याला स्पर्श करते, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की साधे मीठ त्या ओलाव्याने विरघळू लागते. समुद्री मिठातील मॅग्नेशियमचा क्षार तर ३३ टक्क्यांनाच पाणी ओढतो. अशा रीतीने ज्या देशात पाऊस नाही, तेथे प्रत्येक रात्री पोलादावर तीव्र खाऱ्या पाण्याची एक अदृश्य पातळ चादर पसरते.

त्यातही हा क्लोराइड क्षार गंजाच्या क्रियेत खर्ची पडत नाही. केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाखाली लोखंडाचा काही भाग ऋणाग्र व काही धनाग्र बनून विजेचा सूक्ष्म घट कसा चालतो, हे दाखवून दिले. त्या घटात क्लोराइड केवळ प्रवाहाला वाट करून देतो, आणि आपले काम करून पुन्हा मोकळा होतो. म्हणून रंगाखाली राहिलेला मिठाचा कण लहान असला तरी निरुपद्रवी ठरत नाही. बाहेरचे पाणी रंगाच्या थरातून त्याच्याकडे खेचले जाते, फोड येतो, फोडाखाली गंज पसरतो, आणि ओल धरलेल्या भिंतीवर दिलेल्या सफेदीप्रमाणे वरचा सुंदर थर पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागतो. थंड प्रदेशात वर्षानुवर्षे टिकलेल्या रंगपद्धती येथे अल्पावधीत का कोलमडत, याचे उत्तर रंगात शोधणाऱ्यांना ते सापडले नाही; ते रंगाखालच्या मिठात होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रंगशास्त्रात जी क्रांती झाली, तिने या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टर नाइटिंगॉल याने जस्ताची पूड सिलिकेटमध्ये मिसळून असा लेप सिद्ध केला की जो पोलादाला केवळ झाकीत नाही, तर डेव्हीच्या जस्ताप्रमाणे स्वतः झिजून त्याला राखतो. १९४० च्या दशकारंभी मॉर्गन ते व्हायाला या लांबलचक जलवाहिनीवर तो वापरला गेला आणि अनेक दशके टिकून त्याने आपली योग्यता सिद्ध केली. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांच्या संशोधनातून इपॉक्सी राळ निघाली. ऑटो बायरने १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचा शोध लावला. तेलविहिरींच्या उदयकाळीच हे तीनही पदार्थ रंगाच्या कारखान्यांत पोचत होते, आणि हळूहळू त्यांची एक त्रयी ठरून गेली: तळाशी जस्ताचा लेप, मध्ये पाणी अडविणारा इपॉक्सीचा जाड थर, आणि इपॉक्सी उन्हात भुकटी होऊन उडते म्हणून वरून सूर्यप्रकाश सोसणारा पॉलियुरेथेनचा थर. १९७० च्या दशकात युरोपीय रंगकंपन्यांनी अमिरातीतच आपले कारखाने काढण्यास आरंभ केला.

मात्र या नव्या लेपांजवळ शेंदराची क्षमाशीलता नव्हती. जस्ताचा लेप उघड्या, खडबडीत, निखळ पोलादालाच धरतो. गंजाचा वा कारखान्यातील काळ्या पापुद्र्याचा अंश त्याला मुळीच चालत नाही. त्यामुळे दाबाच्या हवेने कठीण कणांचा मारा करून पोलाद राखाडी-पांढरे होईतो सोलून काढण्याची पद्धत अपरिहार्य झाली. तिच्या पायऱ्या स्वीडनच्या मानकात चित्रांसह ठरविल्या गेल्या, आणि त्यांतील ‘एसए अडीच’ ही पायरी पुढे जगभरच्या रंगाऱ्यांच्या तोंडी बसली. वाळवंटातील वाळू फुकट असूनही या कामाला निरुपयोगी ठरली: वाऱ्याने लोळून तिचे कण गोल झालेले, किनाऱ्याची वाळू तर मऊ, शिंपल्यांच्या चुऱ्याची आणि मिठाने भरलेली, शिवाय वाळूच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात. म्हणून तांब्याच्या भट्टीतील मळी आणि गार्नेट नावाचा खनिज दाणा बाहेरून आणावा लागला. सोललेल्या पोलादावरील मीठ मोजण्यासाठी एक चिकट पुडी पृष्ठावर लावून तीत शुद्ध पाणी सोडावयाचे आणि त्या पाण्याची विद्युत्-वाहकता मोजावयाची, अशी युक्ती ओके ब्रेस्ले या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावाने रूढ झाली. जहाजांच्या जलभारटाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ साली जे नियम केले, त्यांत एका चौरस मीटरवर ५० मिलिग्रॅमहून अधिक मीठ असता कामा नये, असे बंधन आहे. मीठ जास्त आढळले तर पोलाद गोड्या पाण्याच्या झोताने धुवावे लागते. आणि अमिरातीत गोडे पाणी बहुतांशी समुद्राचेच मीठ काढून तयार केलेले असते. ज्या समुद्राने मीठ दिले, त्याच समुद्राच्या पाण्यातून मोठे इंधन जाळून मीठ वेगळे करावयाचे आणि त्या पाण्याने पोलाद धुवावयाचे, एवढा हा व्याप एका रंगाच्या थराखाली दडलेला असतो.

हवामानाचा नियमही तितकाच कडक झाला. पोलादाचे तापमान हवेच्या दवबिंदूहून निदान तीन अंश सेल्सिअसने अधिक असल्याखेरीज त्यावर लेप देऊ नये, ही मर्यादा सर्वत्र मान्य झाली, कारण त्याखाली डोळ्यांना न दिसणारे दव पृष्ठावर जमते. दुबईत उन्हाळ्यात रात्र सरता सरता ही मर्यादा वारंवार मोडते. उलट दुपारी उन्हातील पोलाद साठ अंशांच्याही पुढे तापते. तेव्हा फवाऱ्यातील थेंब पृष्ठाला पोचण्यापूर्वीच त्यातील द्रावक उडून जाते आणि रंग धुळीसारखा खरखरीत बसतो, दोन घटक मिसळलेली इपॉक्सी डब्यातच घट्ट होऊ लागते, आणि कोरड्या हवेत, हवेतील ओलाव्यानेच पक्व होणारा जस्ताचा लेप अर्धकच्चा राहतो. आयएसओच्या १९९८ च्या मानकाने किनारी व समुद्री हवेसाठी निराळा वर्ग केला होता. २०१८ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन समुद्रातील वास्तूंच्या अतितीव्र हवेला स्वतंत्र स्थान मिळाले. युरोपीय कागदपत्रांनी आखाताची हवा ओळखण्यास इतका काळ घ्यावा, याचा मला खेद वाटतो.

या विद्येची सर्वांत मोठी शाळा म्हणजे दुबईची कोरडी गोदी. तेथील शासक शेख राशिद यांच्या आज्ञेने बांधलेल्या या गोदीचे १९७९ साली राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १९८३ पासून तेथे प्रत्यक्ष काम चालू झाले. तिच्या तीन कुंडांपैकी मोठ्यात दहा लाख टन क्षमतेचे तेलजहाज मावेल अशी योजना होती. इराण-इराक युद्धात क्षेपणास्त्रांनी जखमी झालेली जहाजेही तेथे येत. गोदीतून पाणी उपसले की जहाजाचा अजस्र तळ उघडा पडतो, आणि मग धुणे, खरवडणे, कणांचा मारा, तपासणी व लेप हा क्रम पूर्वीच्या गलबतांच्याच क्रमाने चालतो. फरक प्रमाणाचा व साधनांचा आहे. तेलाच्या भरभराटीच्या त्या वर्षांत मुंबईच्या भरती-कचेऱ्यांतून जी माणसे अमिरातीला गेली, त्यांत महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोली, चिपळूण या तालुक्यांतील तरुणांचा मोठा भरणा होता. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने त्या भरतीला काही एक शिस्त आली. रंगारी, कणमारा करणारे, मचाण बांधणारे, मुकादम, अशी नाना कामे या लोकांनी केली. आपल्याकडे त्यांच्या विषयीची चर्चा घरी आलेल्या पैशापुरती राहिली. त्यांनी जाडजूड हवाबंद टोप घालून, कणांच्या माऱ्यात आठ-आठ तास उभे राहून मिळविलेले ज्ञान कोणी लिहून घेतले नाही, ही उणीव मला फार मोठी वाटते.

२००५ पासून अमिरातीच्या सरकारने उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करण्यास मनाई केली. १५ जून ते १५ सप्टेंबर या मुदतीत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात मजुरास उन्हात ठेवता येत नाही. हा हुकूम माणसाच्या जिवासाठी झाला आणि तो यापूर्वीच व्हावयास हवा होता, असे मी स्पष्ट म्हणेन. त्या अडीच तासांत पोलादावर चांगला लेप बसण्याची शक्यता मुळातच थोडी असते, हे रंगाऱ्यांना या हुकमापूर्वीही माहीत होते. म्हणून दक्ष कंत्राटदार तेव्हाही दव उडाल्यावर सकाळी काम सुरू करीत, मध्यान्हापूर्वी थांबत, आणि सायंकाळी पोलाद निवू लागले पण दवबिंदूच्या जवळ गेलेले नाही, त्या थोड्या अवधीत पुन्हा फवारा हाती घेत. तो अवधी किती हे दर दिवशी उपकरणाने मोजून नोंदवहीत लिहावे लागते, आणि दमट रात्रीनंतर कधी कधी सकाळचा अर्धा भाग नुसता वाट पाहण्यात जातो.